थोरले साडू आणि सैल चाक

जगातली कुठलीही गोष्ट तशी सोपीच असते, फक्त ती माझ्या थोरल्या साडूंना विचारायची नाही. विचारली की संपलं. मुलुंडला त्यांच्या घराच्या फाटकाशी एका भल्या माणसाने त्यांना पोस्टाचा रस्ता विचारला होता. पोस्ट तिथून दिसत होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण साडूंनी "आता असं बघा" म्हणून सुरुवात केली. पोस्ट पूर्वी कुठं होतं, तिथून ते का हललं, हललं ते चुकीच्या बाजूला कसं हललं, हे सगळं सांगून "म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल" या त्यांच्या ठरलेल्या वाक्याने त्यांनी शेवट केला, तेव्हा तो माणूस हातातलं पाकीट खिशात घालून मुकाट्याने स्टेशनकडे चालू लागला. माझी बायको म्हणते, तो भांडुपला जाऊन पत्र टाकून आला असणार. मला वाटतं, त्याने पत्रव्यवहारच सोडला असावा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळेच अक्का म्हणत असू. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती त्या काळातली ही गोष्ट. मुलुंडला तेव्हा घरांपेक्षा झाडं जास्त होती आणि साडूंच्या बैठ्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. साडू एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. ऑफिसात जाताना अंगात बंद गळ्याचा कोट असे आणि त्या कोटाच्या खिशात इतके स्क्रू, नट आणि वायसर असत, की ते जिना चढू लागले की वरच्या मजल्यावरच्या माणसांना टांगा आल्यासारखं वाटे. घरी आले की कोट खुंटीला, खाकी अर्धी विजार अंगात, आणि माणूस शेडमध्ये. मोडलेली वस्तू त्यांना दिसायचा अवकाश, त्यांचे डोळे भरून येत. "हा स्क्रू दुखावलाय हो," असं ते मला एकदा म्हणाले होते. मला त्या स्क्रूची चौकशी कशी करावी, तेच कळेना.

त्यांच्या हातून दुरुस्त झालेली वस्तू चालायची नाही, असं मी म्हणणार नाही. चालायची, पण स्वतःच्या मर्जीने. मोरीतला नळ त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो नीट पाणी देई, फक्त सोडायचा तो बंद करायच्या दिशेने फिरवून. पाहुणे नळापाशी जाऊन बराच वेळ विचार करत उभे राहत. आणि कुठलीही दुरुस्ती झाली की एक तरी भाग हातात उरायचाच. तो ते अभिमानाने दाखवत. "विलायतेतले लोक एखादा जास्तीचाच घालतात. आपण काढून टाकायचा," असं म्हणून तो भाग कोटाच्या खिशात जाई.

या दुरुस्तीपायी त्यांचं एक मोठं नुकसानही झालेलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ बोरीवलीला राहायचा. वडिलांच्या मागे त्याने घरातलं काहीच मागितलं नव्हतं, फक्त वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ मागितलं होतं. साडूंनी ते मायेने स्वच्छ करून दिलं. तेव्हापासून घड्याळाचे काटे एक वेळ दाखवत आणि टोले दुसऱ्याच वेळेचे पडत. भाऊ संतापून विचारायला आला तर साडू म्हणाले, "अरे, काटे बरोबर आहेत आणि टोलेही बरोबर आहेत. फक्त ते एकमेकांशी बोलत नाहीत." त्यानंतर दोघे भाऊही एकमेकांशी बोलेनासे झाले. मुलुंड आणि बोरीवलीच्या मध्ये खरं तर एकच डोंगर आहे. या अंगाला हा राहायचा, त्या अंगाला तो. वर्षानुवर्षं कुणी तो ओलांडला नाही की वळसा घातला नाही. साडू त्याबद्दल कधी काही बोलत नसत. सगळ्या गोष्टी समजावून सांगणारा हा माणूस या एकाच गोष्टीवर गप्प, हे मला फार चमत्कारिक वाटे.

अशात ती मोटार आली. घाटकोपरच्या एका वृद्ध सॉलिसिटरच्या आवारात ती आंब्याखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. तो गृहस्थ बंगला विकून लेकीकडे निघाला होता. विम्याच्या कामाला गेलेले साडू त्या गाडीसमोर इतका वेळ उभे राहिले, की त्याने कंटाळून "घेऊन जा, कोंबड्यांसकट घेऊन जा" म्हणून सांगितलं. उघड्या टपाची, लांब नाकाची, पितळी दिव्यांची ती विलायती गाडी मुलुंडात आली ती दोन बैल जुंपून. अक्का दारात ओवाळायला भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो नक्की कुणावरून ओवाळायचा, बैलांवरून की गाडीवरून, याचा तिला निर्णय करता येईना. शेवटी तिने तो कोंबड्यांना घातला.

इंजिन सुरू कसं झालं, हा माझ्या आयुष्यातला एक न सुटलेला प्रश्न आहे. पण ते झालं. हॉर्नही वाजला. खोड निघाली ती भलत्याच ठिकाणी. गाडीचं स्टिअरिंग जुन्या तऱ्हेचं होतं. मधून निघालेल्या चार धातूच्या दांड्या आणि त्यांच्या टोकांवर बसवलेलं लाकडाचं गोल कडं. ते कडं खालच्या बाजूने बारीक स्क्रूंनी दांड्यांना आवळलेलं होतं. इतक्या वर्षांत लाकडातली भोकं झिजून मोठी झाली होती. स्क्रू पिळला की फिरे, फिरतच राही, धरून मात्र काहीच ठेवत नसे. हे साडूंना कळलं ते पहिल्याच फेरीत. शेजारी अक्का नऊवारी सावरून बसली होती. फाटकापाशी साडूंनी ऐटीत चाक वळवलं. लाकडी कडं त्यांच्या हातात छान वळलं, दांड्या होत्या तिथंच राहिल्या आणि गाडी सरळ एका गवताच्या गंजीत शिरली. अक्का केसांतलं गवत काढत चालत घरी आली आणि म्हणाली, "आता ते चाक धड झाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवायची नाही."

तेव्हापासून दर रविवारी मला मुलुंडला बोलावणं येऊ लागलं. माझं काम एकच, धरायचं. काय धरायचं आणि का, हे मला कधी कळलं नाही. "साडूबुवा, हे असं धरा," म्हणून ते माझ्या हातात कड्याची एक बाजू देत आणि समजावू लागत. "आता असं बघा. भोक मोठं झालंय असं आपण म्हणतो. पण भोक म्हणजे काय? जिथं लाकूड नाही ती जागा. मग जे नाहीच, ते मोठं कसं होईल?" मी म्हणालो, "म्हणजे स्क्रू लहान झालाय?" त्यावर ते माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "म्हणजे तुमच्या लक्षात आलं." मी घरी येऊन बायकोला हे सांगायचा प्रयत्न केला, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

या विचाराने त्यांनी आधी मोठे स्क्रू लावले. ते लाकडाच्या आरपार जाऊन वर निघाले. साडू म्हणाले, "टोचतंय हे चांगलंच. चालवताना डुलकी लागायची नाही." एक चक्कर मारून आले तेव्हा दोन्ही तळव्यांना हळद लावून बसावं लागलं. मग त्यांनी भोकांत लाख भरली, पाकिटांवर सील करायला वापरतात ती. सावलीत चाक अगदी घट्ट झालं. उन्हात गाडी नेली तर लाख पाघळली, बोटं कड्याला चिकटली आणि गाडीभर पोस्ट ऑफिसचा वास सुटला. मग आगपेटीच्या काड्या आणि सरस झाला. सरस चुलीवर शिजू लागला तेव्हा आळीतली सगळी कुत्री फाटकाशी जमली आणि अक्काने उंबऱ्यावर उभं राहून विचारलं, "अहो, काड्यांचं गूल तरी काढलंत का? का चाकच पेटवायचंय?" साडूंनी गूल काढलेलं नव्हतं.

त्या काड्या उकरून काढताना एक गंमत झाली. दाभणाने भोक साफ करता करता आतून आपण न भरलेल्या वस्तू निघू लागल्या. चामड्याचा तुकडा निघाला, हातमोज्याचा असावा. त्याच्या खाली बुचाचा चुरा. त्याच्याही खाली कुणीतरी सुतळी पिळून घातलेली. साडू दाभण खाली ठेवून बसले. "साडूबुवा, आपल्या आधी बऱ्याच जणांनी हे करून बघितलंय हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. तो चुरा त्यांनी फेकला नाही, तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला. त्या अनोळखी माणसांना हे जमलं नाही याचं त्यांना दुःख झालं होतं की सोबत मिळाल्याचा आनंद, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठरवता आलं नाही.

आणि एका रविवारी फाटकात त्यांचा धाकटा भाऊ उभा राहिला. बरोबर लग्नाच्या वयाची त्याची मुलगी. साडूंच्या हातात कडं होतं, ते तसंच राहिलं. शेवटी अक्काच पुढे झाली, पाणी दिलं, पुतणीला जवळ घेतलं. भाऊ खुर्चीच्या काठावर बसून जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, हिचं लग्न ठरलंय. मुलगा अंधेरीचा आहे. तुम्ही दोघांनी यायचंय."

"येऊ की," साडू म्हणाले. एवढं लहान वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

तेवढ्यात पुतणी शेडमध्ये डोकावून आली आणि म्हणाली, "काका, बोरीवलीहून अंधेरीला मी तुमच्या गाडीतून जाणार."

"काही नको," भाऊ एकदम म्हणाला. "टॅक्सी सांगितलीय मी."

"टॅक्सीतून काय कुणीही जातं, बाबा. घरची गाडी असताना?"

भावाने साडूंच्या हातातल्या कड्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

"स्टिअरिंग."

"ते गाडीला असतं ना?"

"असतं. आता असं बघ..." साडूंनी सुरुवात केली.

"दादा, नको," भाऊ म्हणाला. तो रागावला नव्हता, पण दुखावला होता हे स्पष्ट दिसत होतं. "तू समजावून सांगू नकोस रे. माझी एकुलती एक पोरगी आहे. तू दुरुस्त केलेल्या गाडीत तिला बसवू मी? तूच सांग."

साडूंनी सवयीने कडं माझ्या हातात दिलं. पुतणीच म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तुम्ही स्वतः चाक ओढून बघा, बाबा. हललं तर टॅक्सी." हे दोघांनाही मान्य झालं असं समजून ती काकूबरोबर स्वयंपाकघरात गेली. दोघे भाऊ तसेच समोरासमोर बसून राहिले. मी मध्ये कडं धरून उभा.

ती मंडळी गेल्यावर साडू बराच वेळ शेडमध्ये नुसते बसून होते. अक्का स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात तिचं शिसवी लाटणं होतं, माहेरहून आलेलं, वापरून वापरून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ते तिने त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. याच्याइतकं कडक लाकूड घरात दुसरं नाही. पण आता नीट करा."

"अगं, पोळ्या?"

"बाटलीने लाटीन."

त्या दिवसापासून साडूंनी समजावणं बंद केलं. मी रविवारी जाऊन बसायचो तर ते माझ्याकडे बघतही नसत. मला धरायलाही सांगेनात, त्यामुळे हातांचं काय करावं हे मला कळेना. त्यांनी लाटण्यातून बारीक खुंट्या तासल्या. भोकं गिरमिटाने पुन्हा स्वच्छ, सरळ करून घेतली. सरस लावून एकेक खुंटी अशी हळू ठोकली, जणू झोपलेल्या माणसाच्या कानाशी काम चाललं होतं. मग सगळं वाळू दिलं. वाळू देणं हा प्रकार त्यांनी पूर्वी कधी केलेला नव्हता. ते त्या चाकाशेजारी स्टूल घेऊन बसून राहत आणि अक्का जेवायला हाक मारी तेव्हा आधी चाकाकडे बघत. वर राहिलेली टोकं पटाशीने कापून सारखी केली, खुंट्यांच्या बरोबर मध्यावर बारीक छिद्रं पाडली आणि मग त्यांनी आंघोळीचा साबण मागितला. स्क्रू साबणावर घासून त्यांनी लाकडात पिळायला घेतला. मी न राहवून विचारलं, "साबण कशाला?" मी वाट बघत होतो. पण ते काही बोललेच नाहीत. स्क्रू फिरत फिरत आत गेला, शेवटी कर्र असा बारीक आवाज झाला आणि तो थांबला. साडू दचकले. त्यांनी पुन्हा पिळून बघितला. तो जागचा हलेना. इतक्या महिन्यांत फिरायचा थांबलेला स्क्रू त्यांनी प्रथमच बघितला होता. त्यांनी इकडेतिकडे, स्टुलाखाली बघितलं. हातात काहीच उरलं नव्हतं. ते फार गोंधळून गेले.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळीच ठाण्याकडून घोडबंदरमार्गे डोंगराला वळसा घालून निघालो. अक्का पुढे बसली होती. तिने दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं, पण बसली होती. बोरीवलीला मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा पाहुण्यांनी गराडा घातला. भाऊ मात्र एकटाच बाजूला उभा होता. दुपारी लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. तेव्हा तो धोतराचा काचा मारून गाडीपाशी आला. त्याने चाक दोन्ही हातांनी धरलं आणि विहिरीतून भरलेली घागर शेंदावी तसं ओढलं. मग ढकललं. मग खालून वर उचललं. गाडीच डुलू लागली, चाक तसूभर सरकलं नाही. साडू दूर उभे राहून आकाशाकडे बघत होते.

"टॅक्सीला नाही म्हणून सांगा," भाऊ म्हणाला. "पण पुढे मी बसणार. चाक निघालंच तर धरायला घरचं माणूस हवं."

अक्का बायकांच्या घोळक्यात लग्नघरीच मागे राहिली. मागच्या सीटवर नवरानवरी बसले आणि त्यांच्या पायांशी घडीच्या बाकड्यावर मी. गाडी निघाल्याबरोबर भावाने आपला उजवा हात चाकावर ठेवला. साडूंचे दोन, त्याचा एक, असे तीन हात त्या चाकावर होते. कांदिवली आली. नवरदेवाने मला हळूच विचारलं, "विलायती गाड्या दोघांनी चालवाव्या लागतात का?" मी म्हणालो, "काही काही." यापेक्षा खरं उत्तर मला देता येण्यासारखं नव्हतं.

गोरेगावच्या पुढे तबेल्यातल्या म्हशींचा एक कळप एकाएकी आडव्या बोळातून रस्त्यावर आला. ब्रेकचा भरवसा कुणीच दिलेला नव्हता. साडूंनी सगळं बळ लावून चाक फिरवलं, भावानेही त्याच दिशेने रेटलं. पुतणी माझा खांदा घट्ट धरून "काका!" म्हणून ओरडली. चाक वळलं, दांड्या वळल्या, गाडी वळली. एक म्हैस पितळी दिव्याला शेपूट घासून निघून गेली. गाडी रस्त्याच्या कडेला धापा टाकत थांबली तेव्हा दोघे भाऊ चाकाकडे बघत होते.

"घट्ट आहे रे, दादा," भाऊ म्हणाला.

"हो ना," साडू म्हणाले.

"कसं केलंस?"

साडूंनी तोंड उघडलं. आता "असं बघा" येणार म्हणून मी सरसावून बसलो. पण ते नुसतेच भावाकडे बघत राहिले. "काय माहीत रे," ते म्हणाले. "यावेळी समजलंच नाही."

भाऊ हसू लागला. हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले, मग पुन्हा हसला. मागे नवरी रडत होती, पुढे बाप हसत होता आणि नवरदेव माझ्याकडे बघत होता.

अंधेरीला मुलीला पोचवलं. तिने माप ओलांडलं. भाऊ अंगणाच्या कोपऱ्यात प्राजक्ताकडे तोंड करून उभा राहिला आणि साडू त्याच्या शेजारी जाऊन तसेच उभे राहिले. सरबत झालं, निरोप झाले, आम्ही परत फिरलो. मागच्या सीटवर आता मी एकटाच होतो. अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या सीटभर सांडल्या होत्या, आणि पुढून वाऱ्याबरोबर दोघांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. वडिलांचं काहीतरी, लहानपणच्या कुठल्याशा आमराईचं काहीतरी. ऊन उतरलं होतं. उजव्या हाताला लांबवर डोंगर सोबतीला चालला होता. रस्ता मोकळा, म्हशी घरी गेलेल्या, गाडी इतक्या सावकाश चाललेली की सायकलवाले पुढे जात होते. धरून ठेवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं, तरी भावाचा हात चाकावरच होता.

"आता सोड ना," साडू म्हणाले. "दुखेल हात."

"असू दे," भाऊ म्हणाला.

बोरीवली आली. त्याच्या घराचं वळण आलं. लग्नघरी माणसं वाट बघत असणार, अक्काही तिथंच होती. मी सांगायला पुढे वाकलो. दोघांचे हात चाकावर होते आणि दोघांनीही ते वळवलं नाही. गाडी तशीच सरळ दहिसरच्या बाजूला, डोंगराच्या वळशाकडे जात राहिली.